ओला बाईट

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, एक बादली आणि नेमणुकीचं पत्र, एवढ्या सामानावर मी आजपासून वार्ताहर. बादली आईने दिली. परक्या घरातली बादली आधी कोणी कशाला वापरली असेल या विचाराने मला अंघोळ करता येणार नाही, हे तिला न सांगता कळलं. मला किळस फार लवकर येते. आई म्हणते, तू पाणीसुद्धा धुऊन पिशील.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. सकाळपासून घासते आहे. ओट्याच्या कडेला आधीच्या भाडेकरूच्या तेलाचा एवढा थर होता की सुरीने खरवडावा लागला, आणि त्यात एक केस निघाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आता ओटा लख्ख आहे.

दुपारी चॅनेलवर जाऊन आले. चॅनेल छोटंसं, या शहरात आणि आजूबाजूच्या वीसेक गावांत दिसतं. बातम्यांच्या विभागात माझ्यासकट चार माणसं. साहेब म्हणजे संपादक. कॅमेरा चालवणारे, त्यांना सगळे काका म्हणतात. मशीनवर बसून चित्रं कापणारी आणि जोडणारी ताई. चौथी मी. साहेबांनी खुर्चीतून उठून स्वागत केलं. म्हणाले, आपण लहान असलो तरी वाईट बातमी आपल्याकडे सगळ्यात आधी असते. मोठे चॅनेलवाले आपल्या दारात उसनी मागायला येतात. मला उगाचच अभिमान वाटला. आईला फोन करून तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, एखादी चांगली बातमीही आधी देत जा गं बाई.

आईचं ठरलेलं आहे. घर जरा लागलं की ती कायमची माझ्याकडे येणार. बाबा गेल्यापासून चार वर्षं ती मामाच्या मागच्या खोलीत राहते आणि मामीचा चेहरा बघून पंखा लावते. हे मला संपवायचं आहे. नोकरी त्यासाठीच. बाकी लोकशाहीचा चौथा खांब वगैरे सवडीने.

बुधवार, ६ फेब्रुवारी

ऑफिस एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना चढताना भिंतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकले. कपांना तळाशी तपकिरी कडं आहे, ते कधीकाळी डाग असावं; आता ते कपाचाच भाग झालं आहे. फ्रिजमध्ये कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि कोणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव शेजारी शेजारी नांदतात.

इथली भाषा शिकते आहे. बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणसाच्या तोंडून घेतलेलं वाक्य. ते सगळीकडेच असतं. पण इथे बाईटचे दोन प्रकार आहेत, ओला आणि कोरडा. माणूस रडला तर ओला, नुसता बोलला तर कोरडा. संध्याकाळी काका जिना चढायच्या आत साहेब वरून विचारतात, ओला मिळाला का? भाजीवाल्याला विचारावं तसं. आज पडद्यावर एक म्हातारा मुलासाठी ऊर बडवून रडत होता आणि साहेब समोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किटाचा तुकडा कपात पडला. त्यांनी बोट घालून तो काढला, खाल्ला आणि ताईला म्हणाले की इथून पुढचं रडणं ठेव, आधीचं जरा ढिलं आहे.

मी माझा कप लांब सरकवला. पण मी हसले. नवीन नोकरीत माणूस कशालाही हसतो.

माझ्या वाट्याला आलेला माईक जुना आहे. दांड्याखाली बोटभर रेकॉर्डर चिकटवलेला. लाल बटण सरकवलं की त्यात आवाज जातो. वर काळा स्पंज. तो मी हातात घेतला आणि टाकूनच दिला. ओला होता. नुसता दमट नाही, चांगला ओला, आणि कोमट. वास येत होता तो आजाऱ्याच्या उशीचा. मी विचारलं की हा कधी धुतला होता. काका म्हणाले, धुवून काय करणार, इतक्या तोंडांजवळ जातो तो.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज पहिलं काम. बाजारात फिरून लोकांचं मत घ्यायचं, विषय रस्त्यावरचे बंद दिवे. सोपं, कोरडं काम. चौदा जणांना विचारलं. सगळ्यात गोड होता तो चाव्या बनवणारा. त्याने आधी केस विंचरून घेतले, मग दुकानातला आरसा पुसला, मग म्हणाला की दिवे नाहीत म्हणून लोकांना कुलपाचं भोक सापडत नाही आणि किल्ल्या मोडतात, त्यामुळे त्याची काहीच तक्रार नाही. आम्ही सगळे हसलो. त्याच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं की हे वाक्य दाखवू नका, लाज आहे.

तीन वाजता ऑफिसात एक गंमत बघितली. साहेब माझ्या माईकचा रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसले, कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि चौदाची चौदा माणसं शेवटपर्यंत ऐकली. तेवढा वेळ कोणी खुर्चीही सरकवत नाही. हे रोज होतं म्हणे. याला इथे नुसतं ‘ऐकणं’ म्हणतात. मला वाटलं, काय शिस्त आहे!

सोमवार, ११ फेब्रुवारी

हात तीन वेळा धुतले. तरी लिहिताना पेन चिकट लागतं आहे.

सकाळी साहेबांनी सांगितलं की चावीवाल्याच्या गल्लीत जाऊन थांबा. बातमी काय ते विचारलं तर म्हणाले, येईल. काकांनी गाडी त्याच्या घरासमोर सावलीत लावली, सीट मागे केली आणि पेपर वाचायला लागले. आम्ही दीड तास थांबलो. चावीवाल्याच्या बायकोने मला ओळखलं. पाणी आणून दिलं. कौतुकाने विचारलं की आमच्या गल्लीत आज कोणाकडे काय आहे? मी म्हटलं, आम्हालाही माहीत नाही. ती हसली आणि रिकामा ग्लास घेऊन आत गेली. पाच मिनिटांनी आत तिचा फोन वाजला.

तो गावाबाहेर स्कूटरवर होता. ट्रकने उडवला.

काकांनी पेपरची घडी घातली. कॅमेरा आधीच खांद्यावर होता, लाल दिवा आधीच लागलेला. मी दारात उभी राहिले. ती बाई उंबऱ्यावर बसून डोकं आपटत होती, मघाचा ग्लास तिच्याजवळ पडला होता. आणि मी माईक पुढे करून विचारलं की आत्ता तुम्हाला काय वाटतंय.

मी विचारलं. कोणी बंदूक धरली नव्हती माझ्यावर.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पहिल्याच आठवड्यात ओला! चॅनेलने नेटवर टाकलेली बातमी आईने मामाच्या घरी सगळ्यांना जमवून दाखवली. मामीसुद्धा गप्प बसली होती, असं तिने दोनदा सांगितलं. त्या बाईचं वाईट वाटलं पण तू किती धिटाईने उभी होतीस, म्हणाली. मी फोन ठेवला आणि ओकले.

काकांना विचारलं की आपण तिथे आधी कसे पोहोचलो. ते म्हणाले, साहेबांचं नाक तिखट आहे.

स्पंज परवापेक्षा जड झाला आहे. बॅगेत ठेवला तर बॅगेला खाली ओल आली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

काल तुंबलेल्या गटारावर लोकांचं मत घेतलं होतं. एक शिवणकाम करणारी बाई छान बोलली, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या, त्या काढायचं विसरूनच. आज ‘ऐकणं’ संपल्यावर साहेब काकांना म्हणाले, उद्या शिवणवाली.

मी रेकॉर्डर त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. वाटलं, आता नोकरी गेली. पण साहेबांनी शांतपणे हेडफोन माझ्या कानांवर नीट बसवला. कुशनवर त्यांच्या कानाचा मळ होता, तो मला लागला. त्यांनी बटण दाबलं.

शिवणवाली बोलत होती. गटार, वास, डास. आणि तिच्या आवाजाच्या खाली, लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, एका मुलीचा आवाज. आई, ऊठ ना. आई, ऊठ ना गं. सारखं तेच. रेकॉर्डिंग झालं तेव्हा तिथे कोणी मुलगी नव्हती. तिची मुलगी शाळेत होती. मी तिथेच होते, मला माहीत आहे.

साहेब म्हणाले, या माईकमध्ये बोलणाऱ्या माणसामागे कधी कधी असं ऐकू येतं. ज्याच्या मागे येतं त्याच्या घरी दोन-तीन दिवसांत आपलं काम निघतं. त्यांनी काही केलेलं नाही; माईक त्यांच्या आधीपासून इथे आहे. मी विचारलं की मग तुम्ही त्या लोकांना सांगत का नाही. ताईने मशीनवरून मान वळवली नाही. साहेबांनी दातांत अडकलेलं काहीतरी काडीने काढलं, ते बघितलं, आणि म्हणाले की सांगून बघितलंय. माझ्या जागेवर आधी काम करणाऱ्या मुलीने तिच्या भावाच्या मागे तिचंच रडणं ऐकलं होतं. त्याला गाडीत घालून ती शहर सोडून निघाली. तर बातमी हमरस्त्यावर झाली. लांब पडली, एवढाच फरक.

बुधवार, २० फेब्रुवारी

मी सकाळीच शिवणवालीकडे गेले. सांगितलं की आज मशीन लावू नका, इस्त्री लावू नका, रस्त्यावर जाऊ नका. ती म्हणाली, मग काय आरती ओवाळून बसू स्वतःला? माझी बाही उसवलेली दिसली तिला. बस म्हणाली, घालते दोन टाके. मी बसले. तिच्यावरून नजर काढली नाही. तिने दोरा दाताने तोडला, पाणी देते म्हणून उठली, छातीवर हात ठेवला आणि खाली बसली. भिंतीला टेकून. टाचण्या तोंडातच.

मी शेजारी होते. दोन हातांवर. आणि माझा हात आधी तिच्याकडे गेला नाही. बॅगेकडे गेला. माईक असलेल्या बॅगेकडे. एखादा क्षण असेल, पण गेला. मी बघितला माझा हात जाताना.

मग मी आरडाओरडा केला, लोक आले, मुलीला शाळेतून आणलं. ती जे म्हणाली ते मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. शब्द, सूर, हुंदक्याची जागा, सगळं.

काका बाहेर गाडीत होतेच.

मला माझीच शिसारी येते आहे. राजीनामा लिहिला. पण आईने मामाचं घर सोडायचं जाहीर केलंय, पेटी भरली आहे, मामीशी शेवटचं भांडणही झालं. आता नोकरी सोडली तर तिला परत त्याच खोलीत जावं लागेल. राजीनामा उशीखाली ठेवला.

शनिवार, २३ फेब्रुवारी

मी ठरवलं की सगळी घाण त्या स्पंजात आहे. इतक्या वर्षांची लोकांची थुंकी, अश्रू, शेंबूड. ते पोटात घेऊनच तो असा झाला असणार. धुऊन टाकला की सुटलो. माईक घरी आणला, स्पंज उपटला, बादलीत गरम पाणी, साबण, सोडा. पिळायला लागले.

काळं पाणी येईल असं वाटलं होतं. स्वच्छ आलं. पिळलं की येत होतं, परत पिळलं की परत. बादलीतलं पाणी वाढत गेलं, मी नळ बंद केला होता तरी. एक थेंब ओठावर उडाला. खारट. मी तिथेच जमिनीवर ओकारी काढली आणि मग ती पुसली आणि पुन्हा पिळत बसले. तासाभराने तो कोरडा झाला. पिसासारखा हलका. मी रडलेच आनंदाने.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आईचा आवाज! दार नुसतं लोटलेलं होतं. सोमवारी यायची ती आजच आली, मला चकित करायला. मी बाहेर येईपर्यंत बाईंनी टेबलावरचा बोडका माईक उचलला होता, लाल बटण सरकवलं होतं, आणि पदर नीट करून भिंतीशी बोलत होत्या. नमस्कार, मी वार्ताहरची आई बोलते आहे. आज मी फार आनंदात आहे. माझ्या लेकीने मला घर दिलं. इथे मी पंखा पाचवर लावणार आहे.

मी धावत जाऊन माईक काढून घेतला. मग हातातला कोरडा स्पंज बघितला आणि हसू आलं. घाण तर माझ्या हातात होती, धुतलेली. माईकवर काहीच नव्हतं. मग भीती कसली? खोडायचं बटण असतं, मला माहीत आहे. पण तो पंखा पाचवरचा आवाज खोडवेना.

संध्याकाळी आम्ही दोघींनी पडदे लावले. पंखा पाचवर.

सोमवार, २५ फेब्रुवारी

स्पंज परत लावला होता. जिना चढेपर्यंत ओला.

तीन वाजता साहेबांनी ऐकलं. हेडफोन काढला. माझ्याकडे बघितलं आणि स्वतःची खुर्ची मला दिली. चहा मागवला, नव्या कपात. ताईने पाठीवरून हात फिरवला, आजवर ती माझ्याशी दोन शब्द बोललेली नाही. साहेब म्हणाले, उद्या सुट्टी घे. घरीच राहा. आईजवळ. काकांनी विचारलं की माझं घर कितव्या मजल्यावर, आणि दुपारी बाराला तिथे ऊन कोणत्या बाजूने येतं.

मला कळायला एवढा वेळ का लागला?

हेडफोन ओढून घेतला. नमस्कार, मी वार्ताहरची आई बोलते आहे. आणि तिच्या खाली मी. रडणं नाही. हुंदका नाही. माझा आवाज, बातमी देतानाचा, खणखणीत, थांबायच्या जागी थांबणारा. दुपारी बाराच्या सुमारास ही घटना घडली, एवढं ऐकू आलं. पुढचं आईच्या हसण्यात बुडालं.

सगळ्यांच्या मागे कोणीतरी रडत होतं. माझ्या आईच्या मागे मी बातमी देते आहे.

रेकॉर्डर भिंतीवर आपटला, फुटला. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, आवाज त्यात थोडाच असतो. म्हणाले, इतक्या वर्षांत असा कोरडा पहिलाच. स्टुडिओत बसायच्या लायकीची आहेस तू.

मंगळवार, २६ फेब्रुवारी, सकाळी ७

रस्त्यावर न्यायचं नाही. हमरस्त्याचं ऐकलंय. घरच बरं. सिलिंडर बंद केला. मेन स्विचही, फक्त पंखा राहू दे म्हणाली तर तोही बंद. ओटा, मोरी, सगळं कोरडं पुसलं, पाय घसरायला नको. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आईला काय सांगू? दाढ दुखते म्हटलं, डोकं ठणकतंय, तू कुठे जाऊ नकोस. ती बरं म्हणाली. इस्त्रीसारखी तापली आहेस, म्हणाली.

रात्रभर विचार केला. रेकॉर्डिंग कधी चुकलेलं नाही. त्यात मी बोलते. मग मी बोललेच नाही तर? बोलताच आलं नाही तर? ते खोटं ठरेल. ते खोटं ठरलं की आई वाचेल. सरळ हिशेब आहे. दुसरा काही सुचत नाही.

सकाळी १०

गाडी आली. खाली. सावलीत लावली आहे. साहेब पण आलेत, पुढच्या सीटवर, काहीतरी खात.

गॅलरीचा पडदा ओढून घेतला. तिकडे बघायचंच नाही.

१०.४०

तोंडात रुमाल कोंबला, वरून ओढणी घट्ट बांधली, मागे चार गाठी. आता बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. थुंकी रुमालात भरते, गिळता येत नाही, उमाळे येतात — चालेल. आई म्हणाली, अगं दाढेला इतकं कोणी बांधतं का? दिवसभर टीव्हीवर बडबड, दाढ दुखेल नाही तर काय. केसांवरून हात फिरवला. तिचा हात —

११.२५

तिने पडदा सरकवून बघितलं. गाडीवर चॅनेलचं नाव. अगं तुझ्या ऑफिसची माणसं! तुझ्या दुखण्याची चौकशी करायला आली असतील, आणि आपण दार लावून बसलोय. मी मान हलवली, नाही, नाही. किल्ली मागते आहे. देणार नाही. ती चिडली. माणसं दारात ताटकळत आणि साधा चहा नाही, मामीच्या घरी पण असं झालं नसतं —

सिलिंडर उघडला तिने. मी मागेच उभी राहिले. काही झालं नाही. चहा झाला. बंद केला. थर्मासमध्ये भरला. काही झालं नाही. पाऊण तास फक्त. मग बारा टळतील.

११.५०

कपडे वाळत घालायची दोरी सोडली तिने. थर्मासला बांधते आहे. गॅलरीतून खाली सोडणार म्हणे — दार उघडत नाही तर नको, माझी लेक हट्टी तर मी तिची आई —

कठडा. मांडीएवढाच कठडा, बघितलाच नाही मी. सगळं बघितलं, तो —

टेबल आपटते आहे. तिला वाटतंय मी रागावले. हात केला मागे, थांब थांब म्हणून. वाकली आहे. खाली बघून हसते आहे कोणाकडे तरी. ओढणी सुटत नाही, गाठी भिजल्यात, आई मागे बघ, आई मी —

जाते

१२.३०

गाठ सुटली. आत्ता सुटली.

मी पोहोचले होते. पदराचं टोक हातात आलं होतं. हाक मारली असती तर ती वळली असती. नुसतं आई म्हटलं असतं तरी. ती नेहमी पहिल्या हाकेला वळते.

काकांचा लाल दिवा आधीच लागलेला होता. वर रोखलेला. थर्मास फुटला नाही.

जिन्यावर पावलं. साहेबांनी माईक आणलाय, त्याचा वास येतो आहे इथपर्यंत. मी बोलणार नाही. मी रडणार आहे. ओरडून, केस उपटून, उंबऱ्यावर डोकं आपटून रडणार आहे, बघाच. ओला देणार मी. ओला. तोंड उघडते आहे, रडू — येईल, आत्ता येईल — नुसतं लिहून तरी — आई —

दुपारी बाराच्या सुमारास ही घटना घडली. त्या वेळी घरात त्यांची मुलगी होती. मुलीने हाक का मारली नाही, हे अद्याप